स्मृतिमैफल : सूर जपायचे की सुरांची रीत?

(बिक्स बायडरबेक आणि त्याचे डेव्हनपोर्ट गाव यांच्या निमित्ताने)

कलावंताच्या पुण्यतिथीला मैफल भरवावी, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले आणि तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई-वादक वर्षानुवर्षे हजेरी लावीत आले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ साली गेले, तेव्हा पं. भीमसेन जोशी आदी शिष्यांनी पुढच्याच वर्षापासून पुण्यात गुरूची पुण्यतिथी गाऊन साजरी करण्यास आरंभ केला. त्या उत्सवाचा पुढे झालेला विस्तार सर्वश्रुत आहे. ही चाल आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की तिच्यामागे दडलेला एक अवघड प्रश्न सहसा ध्यानात येत नाही.

कवी गेला तरी त्याचे पुस्तक कपाटात असते. चित्रकाराचा पट भिंतीवर असतो. नाटककाराचे नाटक पुन्हा उभे करता येते, कारण त्याची संहिता हाती असते. परंतु ज्याची कलाच त्या त्या क्षणी सुचणाऱ्या सुरांची आहे, जो तीच चीज काल एका तऱ्हेने आणि आज दुसऱ्या तऱ्हेने मांडतो, तो गेल्यावर मागे काय उरते? आणि त्याच्या स्मरणार्थ मैफल करायची, तर त्या मैफलीत वाजवायचे काय? त्याने एकदा वाजवून सोडून दिलेले सूर पुन्हा गोळा करायचे, की त्याच्यासारखे नवे सूर शोधायचे?

हा प्रश्न मला प्रथम पडला तो आपल्या संगीताच्या संदर्भात नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तेथे एका स्थानिक जॅझवादकाच्या स्मरणार्थ १९७२ पासून संगीतोत्सव होत आला आहे. त्या वादकाचे नाव बिक्स बायडरबेक. त्याचे चरित्र, त्याच्या ध्वनिमुद्रिका आणि त्याचे स्मरण यांचा विचार करताना वरील प्रश्नाच्या अनेक बाजू माझ्यापुढे आल्या. त्या प्रस्तुत लेखात क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

गाव आणि मुलगा

लिऑन बिक्स बायडरबेक याचा जन्म १० मार्च १९०३ रोजी डेव्हनपोर्ट येथे झाला. घराणे जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले, सुखवस्तू आणि प्रतिष्ठित. वडिलांचा कोळसा व इमारती लाकूड यांचा व्यापार होता. आई पियानो वाजवीत असे. घरात संगीताचा आदर होता, पण तो सभ्य घरांत शोभणाऱ्या संगीताचा. मुलाचा कान विलक्षण तीव्र. तो सात वर्षांचा असताना गावच्या वर्तमानपत्राने या बालवादकाच्या कौतुकाची बातमी छापली होती. मात्र स्वरलेखन वाचून वाजविणे त्याला कधीच नीटसे साधले नाही. पियानोचे शिक्षक धडा वाजवून दाखवीत, हा तो कानात साठवी आणि कागदाकडे न पाहता वाजवून मोकळा होई.

हे गाव नदीकाठी असण्याला आपल्या विषयात महत्त्व आहे. जॅझ जन्मला तो याच नदीच्या दक्षिण टोकाला, न्यू ऑर्लिन्स शहरी, तेथील कृष्णवर्णीय समाजात. त्यांची ब्लूज गीते, रॅगटाइमची लय आणि मिरवणुकांतील पितळी वाद्यांचे ताफे यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आकार घेतला. मिसिसिपीवरून सहलीच्या आगबोटी वर-खाली जात. त्यांच्यावर नाचासाठी वाद्यवृंद असत. अशाच एका बोटीवर, फेट मॅरेबल याच्या वाद्यवृंदात, तरुण लुई आर्मस्ट्राँग वाजवीत असे, आणि या बोटी डेव्हनपोर्टच्या धक्क्याला लागत. म्हणजे हे संगीत या मुलाच्या दारावरून वाहत होते. पण ते घरात आले निराळ्याच मार्गाने.

तबकडी हाच गुरू

पहिले महायुद्ध संपल्यावर थोरला भाऊ सैन्यातून परतला. त्याने घरी ग्रामोफोन आणि काही तबकड्या आणल्या. त्यांत ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या वाद्यवृंदाच्या तबकड्या होत्या. जॅझच्या पहिल्या तबकड्या याच वाद्यवृंदाने १९१७ साली काढल्या होत्या. बिक्सने एक कॉर्नेट मिळवले. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचेच भावंड, थोडे आखूड आणि आवाजाने मऊ. ग्रामोफोनचा वेग कमी करून तो एकेक जागा ऐके आणि वाद्यावर शोधून काढी. शिकवायला कोणी नसल्याने त्याच्या बोटांची पद्धतही जगावेगळीच पडली. शिक्षकाने जी कळ दाबायला सांगितली असती ती सोडून तो भलतीच दाबी, पण हवा तो सूर काढी.

आपल्याला येथे एकलव्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. समोर गुरू नाही, आहे ती त्याची प्रतिमा. एकलव्यापुढे मातीची मूर्ती होती, याच्यापुढे लाखेची तबकडी. तरी फरक आहे. द्रोणाचार्यांची मूर्ती मुकी होती. ही मूर्ती बोलत होती, परंतु ती दर वेळी तेच आणि तेवढेच बोलत होती. गुरू शिष्याला पाहून आपले सांगणे बदलतो, चूक झाली की थांबवतो, एखादी जागा मुद्दाम निराळी करून दाखवतो. तबकडी यांतले काही करीत नाही. या फरकाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावे लागेल.

आईवडिलांना हा नाद पसंत नव्हता. १९२१ साली त्यांनी मुलाला शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट येथील निवासी शाळेत धाडले. हेतू असा की तो सुधारावा. झाले उलटेच. शिकागो शहर जवळ आले आणि रात्री वसतिगृहातून पसार होऊन तेथील वाद्यवृंद ऐकण्याची सोय झाली. १९२२ च्या मे महिन्यात शाळेने त्याला काढून टाकले.

पुढे ‘वुल्व्हरिन्स’ या तरुणांच्या वाद्यवृंदात तो सामील झाला आणि १८ फेब्रुवारी १९२४ रोजी इंडियाना राज्यातील रिचमंड गावी, जेनेट कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याची पहिली तबकडी निघाली. हे गृह पियानोच्या कारखान्याच्या आवारात आणि आगगाडीच्या रुळांलगत होते. गाडी आली की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. सगळे वादक एका भोंग्यासमोर दाटीने उभे राहात. पुढच्या वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, त्याच ठिकाणी त्याने स्वतःची एक रचना वाजविली. तिला त्याने आपल्या गावाचे नाव दिले : ‘डेव्हनपोर्ट ब्लूज’. गावाने त्याचे नाव घेण्याच्या कितीतरी आधी त्याने गावाचे नाव घेतले, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

एका मिनिटाची उपज

ज्यांनी जॅझ ऐकलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगतो. बहुधा एखादे गाणे घेतले जाते. ते समजा ३२ मात्रागटांचे आहे. प्रत्येक गटाखाली कोणता स्वरमेळ वाजायचा हे ठरलेले असते. हे ३२ गट संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, जणू एक मोठे आवर्तन. वादक ते आवर्तन आणि त्यातील स्वरमेळ सांभाळून, मूळ चालीच्या जागी त्या क्षणी सुचणारी नवी चाल वाजवितो. आपल्या गवयाला राग आणि ताल यांचे बंधन, त्याला स्वरमेळ आणि आवर्तन यांचे. बंधनाच्या आत जे स्वातंत्र्य तो घेतो त्याला आपण ‘उपज’ म्हणतो. ही तुलना सर्वस्वी जुळत नाही, कारण रागाचे चलन ही स्वरमेळांहून वेगळी वस्तू आहे. पण ऐकण्याची वाट सापडण्यास ती पुरेशी आहे.

४ फेब्रुवारी १९२७ रोजी बिक्सने आपला मित्र, सॅक्सोफोनवादक फ्रँक ट्रंबावर याच्याबरोबर ‘सिंगिन द ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गिटारवर एडी लँग होता. त्या काळी तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावे. त्यात पहिले आवर्तन ट्रंबावर घेतो आणि नंतरचे बिक्स. बिक्सचा वाटा ३२ मात्रागटांचा, म्हणजे घड्याळाने मोजला तर सुमारे एका मिनिटाचा. जॅझच्या इतिहासात या एका मिनिटाला मोठे स्थान आहे.

हे एक मिनिट मी पुष्कळदा ऐकले आहे. त्यात आरडाओरडा नाही, फार उंच सुरांची कसरत नाही. एक वाक्य म्हणावे, क्षणभर थांबावे आणि मग त्याला साजेसे पुढचे वाक्य म्हणावे, अशी ती चाल जाते. मधेच एक झेप येते आणि लगेच तोल सावरला जातो. दुःख आहे, पण गळा काढलेला नाही. त्याचा मित्र आणि पुढे नामवंत झालेला गीतकार होगी कारमायकल याने म्हटले आहे की, बिक्सचे सूर फुंकल्यासारखे वाटत नसत. घंटेवर टोला पडावा तसे ते उमटत.

संगीत विषय घेतलेल्या एका मित्राला मी हा भाग पेटीवर काढण्याची विनंती केली. त्याने आठ दिवसांत सारे सूर अचूक काढले. आम्ही दोघांनी ते ऐकले आणि दोघेही गप्प राहिलो. सूर सगळे जागच्या जागी होते, पण तो टोला नव्हता, ते थांबणे नव्हते. ‘यात काहीतरी राहिले,’ एवढेच मित्र म्हणाला. जे राहिले तेच तर त्या वादकाचे स्वतःचे होते. स्मृतिमैफलीचा सारा पेच या ‘राहिलेल्या’त आहे.

विस्मरण आणि स्मरण

१९२७ च्या अखेरीस बिक्स पॉल व्हाइटमन याच्या वाद्यवृंदात गेला. हा त्या काळातील अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय आणि धनाढ्य वाद्यवृंद. येथे लिहिलेले संगीत वाजवावे लागे, अधूनमधून काही मात्रागट बिक्ससाठी मोकळे सोडलेले असत. याच सुमारास त्याने पियानोवर ‘इन अ मिस्ट’ ही स्वतःची रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात फ्रेंच संगीतकार देब्युसी याच्या स्वरविचाराची छाया जाणकारांना दिसते. तीत आणि त्याच्या इतर पियानोरचनांत तो नव्या वाटेकडे पाहत होता, पण त्या स्वतः लिहून काढण्याइतकी लेखनविद्या त्याच्यापाशी नव्हती. बिल चॅलिस या स्नेह्याने त्या कागदावर उतरविल्या.

तोपर्यंत मद्याने त्याला पुरते घेरले होते. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. चोरून मिळणारी दारू अनेकदा विषारी असे. १९२८ च्या अखेरीस त्याची प्रकृती ढासळली. व्हाइटमनने त्याची जागा लगेच भरली नाही, पगारही काही काळ चालू ठेवला. विश्रांतीसाठी तो गावी परतला. त्या वेळची एक हकीकत सांगितली जाते. त्याने इतकी वर्षे मोठ्या हौसेने घरी पाठविलेल्या तबकड्यांची पुडकी कपाटात तशीच, न उघडता पडलेली त्याला आढळली. ही हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, ती टिकून राहिली याचे कारण उघड आहे. ज्या घराला मुलगा हवा होता, त्याला त्याचे संगीत नको होते.

६ ऑगस्ट १९३१ रोजी न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील एका भाड्याच्या खोलीत त्याचे निधन झाले. वय वर्षे २८. त्याचे ध्वनिमुद्रणाचे आयुष्य जेमतेम साडेसहा वर्षांचे. देह डेव्हनपोर्टला आणून ओकडेल दफनभूमीत पुरण्यात आला.

त्यानंतरची चाळीस वर्षे बिक्सचे नाव टिकले ते गावाबाहेर. १९३८ मध्ये डोरोथी बेकर हिने त्याच्या संगीतावरून स्फूर्ती घेऊन एक कादंबरी लिहिली, १९५० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. तबकड्या जमविणारे हौशी लोक त्याच्या एकेका सुराची नोंद करीत राहिले. १९७१ साली, निधनाला चाळीस वर्षे होत असताना, दूरच्या न्यू जर्सी राज्यातून त्याच्याच नावाचा एक स्मृतिवाद्यवृंद डेव्हनपोर्टला आला आणि त्यातील वादकांनी त्याच्या थडग्यापाशी उभे राहून त्याचे संगीत वाजविले. परक्यांनी येऊन आपल्या गावच्या मुलाला मान द्यावा, हे पाहून गाव जागे झाले. बिक्सच्या नावाने मंडळ स्थापन झाले आणि १९७२ पासून नदीकाठच्या उद्यानात दरवर्षी जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी उत्सव होऊ लागला. त्यात थडग्यापाशी वादन आणि चर्चमधील जॅझप्रार्थना यांचाही समावेश होत आला. १९७५ पासून गावात त्याच्या नावाने सात मैलांची धावण्याची शर्यत सुरू झाली, तिला हजारो लोक येतात. पुपी अवाती या इटालियन दिग्दर्शकाचा त्याच्यावरील चित्रपट १९९१ साली आला, तोही बराचसा याच परिसरात चित्रित झाला. २०१७ मध्ये त्याचे संग्रहालयही उघडले.

गावाने आपली जुनी चूक सुधारली असे म्हणता येईल. पण नाव टिकणे आणि संगीत टिकणे या दोन गोष्टी आहेत. छातीवर त्याचे नाव मिरवीत धावणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे कॉर्नेट ऐकले असेल? आपल्याकडेही एखाद्या कलावंताचे नाव चौकाला द्यावे आणि त्याचे एकही गाणे आपल्याला ठाऊक नसावे, हा अनुभव दुर्मीळ नाही. म्हणून नावाचा सोहळा बाजूस ठेवून पुन्हा मैफलीकडेच वळले पाहिजे.

मैफलीत काय वाजवावे?

अशा स्मृतिमैफलींत दोन पंथ दिसतात. पहिला पंथ म्हणतो, तबकडीवर जे आहे ते तंतोतंत वाजवावे. त्याला मोठी परंपरा आहे. एप्रिल १९३१ मध्ये, बिक्स हयात असतानाच, फ्लेचर हेंडरसन याच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाने ‘सिंगिन द ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्यात रेक्स स्टुअर्ट याने बिक्सचे ते एक मिनिट मुळाबरहुकूम वाजविले. स्वतः अव्वल दर्जाचा वादक असलेल्या माणसाने दुसऱ्याची उपज पाठ करून वाजवावी, हा केवढा मान! पुढे १६ जानेवारी १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन याची सुप्रसिद्ध मैफल झाली. तिच्यात जॅझच्या वीस वर्षांचा आढावा घेताना बॉबी हॅकेट याने बिक्सची आठवण म्हणून ‘आय्‌म कमिंग व्हर्जिनिया’ हे त्याचे वादन पुन्हा ऐकविले.

दुसरा पंथ म्हणतो, ही नक्कल झाली. जो माणूस एकदा वाजविलेले पुन्हा वाजवायला राजी नसे, त्याला त्याच्याच जुन्या सुरांत कोंडणे हा त्याचा मान कसा? या पंथाला आधार आहे तो प्रत्यक्ष बिक्सच्या एका उद्‌गाराचा. १९२४ च्या शरद ऋतूत तो वुल्व्हरिन्स सोडून निघाला, तेव्हा त्याच्या जागी जिमी मॅकपार्टलंड हा सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याने त्या वाद्यवृंदाच्या तबकड्या आधीच घोटून पाठ केल्या होत्या. बिक्सने त्याला हाताशी धरून काही दिवस शिकविले, त्याच्यासाठी एक कॉर्नेटही निवडून दिले. मॅकपार्टलंड पुढे सांगत असे की, तू माझ्यासारखा वाजवतोस पण माझी नक्कल करीत नाहीस, अशा शब्दांत बिक्सने त्याला शाबासकी दिली होती.

मला वाटते, आपल्या संगीताचा विद्यार्थी या वादात एक उपयोगी शब्द देऊ शकतो. तो शब्द म्हणजे ‘बंदिश’. बंदिश कोणी एकाने कधीतरी बांधलेली असते. ती शिष्य गुरूकडून घेतो, तशीच्या तशी गळ्यावर चढवितो, तिचा मुखडा सैल पडू देत नाही. पण बंदिश म्हणून दाखविली म्हणजे गाणे संपले असे कोणी मानीत नाही. गाणे तेथून सुरू होते. सवाई गंधर्वांच्या उत्सवात बसलेला श्रोता गायकाकडून सवाई गंधर्वांची अमुक एक तान ऐकण्याच्या अपेक्षेने बसत नाही. त्या घराण्याची स्वर लावण्याची रीत गळ्यात आहे ना, आणि तीतून गायकाला आज काही सुचते आहे ना, हे तो पाहतो.

बिक्सचे ते एक मिनिट आता उपज राहिलेले नाही. इतक्या लोकांनी ते ऐकून पाठ केले की त्याची बंदिश झाली आहे. म्हणून ते तंतोतंत वाजविणाऱ्या पहिल्या पंथाला मी दोष देणार नाही. पाठांतराशिवाय वारसा पुढे जात नाही. तबकडी हाच ज्यांचा गुरू, त्यांना दुसरा उपायही नाही. परंतु स्मृतिमैफल तेवढ्यावर थांबली तर ती तबकडीचीच मैफल ठरेल. आधी त्याचे आवर्तन जसेच्या तसे वाजवावे आणि पुढचे आवर्तन मात्र वादकाने स्वतःचे वाजवावे. त्या दुसऱ्या आवर्तनात जर तो टोला, ते थांबणे, तो तोल कोठे डोकावला, तर दिवंगत कलावंत खऱ्या अर्थाने तेथे हजर झाला असे समजावे. आपल्याकडे हे दुसरे आवर्तन गुरू शिकवितो. जॅझमध्ये ते तबकडीपलीकडे जाऊन ज्याचे त्याला शोधावे लागते.

ज्याची तबकडी नाही त्याचे काय?

येथवर आपण ज्याच्या तबकड्या आहेत अशा भाग्यवंताचा विचार केला. परंतु याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९३१ रोजी, म्हणजे बिक्सनंतर तीन महिन्यांनी, लुइझियाना राज्यातील वेड्यांच्या इस्पितळात आणखी एक कॉर्नेटवादक मरण पावला. त्याचे नाव बडी बोल्डन. न्यू ऑर्लिन्समधला हा कृष्णवर्णीय वादक अनेकांच्या मते जॅझच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९०७ मध्ये त्याला इस्पितळात ठेवण्यात आले; पुढची चोवीस वर्षे तो तेथेच होता. त्याच्या वादनाची एकही तबकडी उपलब्ध नाही. न्यू ऑर्लिन्समधील गरिबांच्या दफनभूमीत त्याला पुरले गेले, आणि कोणत्या जागी ते कोणालाच निश्चित सांगता येईना. १९९० च्या दशकात तेथे त्याच्या नावाचे स्मारक उभारले गेले खरे, पण त्यापुढे उभे राहून वादकाने त्याचे म्हणून काय वाजवावे?

स्मरणाचा हा असमतोल केवळ दैवाचा नाही. जॅझ निर्माण केला कृष्णवर्णीयांनी, पण त्याची पहिली तबकडी निघाली गोऱ्या वाद्यवृंदाची. बिक्स ज्यांच्याकडे पाहून घडला त्या जो ‘किंग’ ऑलिव्हर याने १९२३ मध्ये त्याच रिचमंड गावी, त्याच रुळांलगतच्या घरात ध्वनिमुद्रण केले होते. एवढा थोर कॉर्नेटवादक १९३८ साली सव्हाना शहरी दारिद्र्यात वारला. अखेरच्या दिवसांत तो एका खेळाच्या अड्ड्यावर झाडलोट करीत होता. बिक्स आणि लुई आर्मस्ट्राँग एकमेकांचे चाहते. दोघे रात्री मैफल उठल्यावर, गिऱ्हाइके गेल्यानंतर एकत्र वाजवीत, असे आर्मस्ट्राँगने पुढे सांगितले आहे. पण वर्णभेदाच्या त्या काळात दोघांची मिळून एकही तबकडी निघाली नाही. म्हणून बिक्सची स्मृतिमैफल प्रामाणिक व्हायची असेल तर तिच्यात ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग यांचेही सूर असले पाहिजेत. शिष्याच्या पुण्यतिथीला गुरूचे नाव घेताना आपण कानाची पाळी धरतो, त्यातला अर्थ हाच आहे.

आणि हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. गोव्यातील हळदोणे गावचा अँटोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक मुंबईच्या हॉटेलांतून ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्याचा मोठा हात होता. १९६७ साली तो वारला. त्या चित्रपटातील गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात, पण ती गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असते. त्याच्यासारख्या आणि त्याच्याहून अनामिक अशा कितीतरी गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात प्राण ओतले. तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. ट्रंपेट कोणी वाजविले हे छापण्याची पद्धत नव्हती. बोल्डनचे नाव आहे पण सूर नाही. यांचे सूर आहेत पण नाव नाही.

समारोप

या अभ्यासातून मला तीन गोष्टी हाती लागल्या असे वाटते. पहिली, उत्स्फूर्त वादन करणाऱ्याचे स्मरण त्याच्या सुरांची पुनरावृत्ती करून अर्धेच होते. उरलेला अर्धा भाग नव्या वादकाने स्वतःच्या उपजेने भरायचा असतो. दुसरी, स्मरणाला पुरावा लागतो. ज्याची तबकडी निघाली, ज्याचे नाव कोणी लिहून ठेवले, तोच उरला. बाकीचे गुणवत्तेत कमी होते म्हणून गेले असे नाही. तिसरी, गाव आपल्या कलावंताला ओळखते ते बहुधा परक्याने ओळखल्यावर.

या तिसऱ्या गोष्टीवर इलाज करणे आपल्या हाती आहे. आपल्या प्रत्येकाच्या गावात एखादा सनईवाला आहे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविणारा एखादा म्हातारा आहे, भजनी मंडळात चाळीस वर्षे पखवाज धरणारा कोणी आहे. ध्वनिमुद्रण करण्यासाठी बिक्सला रुळांलगतच्या त्या घरापर्यंत जावे लागले होते. आज ते साधन आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. सुटीत घरी जाल तेव्हा त्यांच्यासमोर बसा, त्यांना वाजवू द्या, ते ध्वनिमुद्रित करा, आणि खाली त्यांचे नाव, गाव, शिकविणाऱ्याचे नाव व तारीख लिहून ठेवा. शक्य झाल्यास त्यांच्याकडून एखादी तरी चाल शिकून घ्या. स्मृतिमैफलीची तयारी कलावंत गेल्यावर करायची नसते. ती तो समोर वाजवीत असतानाच करावी लागते.